द्राक्षं, गोळ्या आणि गुलाबी रंगाची चाचणी

निफाड-दिंडोरीत द्राक्षांचा हंगाम आला, की काळ्या द्राक्षांतल्या 'अँटिऑक्सिडंट'ची चर्चा नाशिकभर सुरू होते. हे अँटिऑक्सिडंट ज्याच्याशी लढतात, तो ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायचा कसा?

पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा ऑक्सिजनपासून फ्री रॅडिकल, म्हणजे अस्थिर कण निर्माण होतात. शरीर त्यांना आवरतं. आवरेनासे झाले, की ताण. या कणांतले बरेचसे क्षणार्धात नाहीसे होतात. म्हणून चोर सोडून पावलांचे ठसे मोजायचे! पेशींतल्या चरबीची मोडतोड झाली, की मॅलॉनडायअल्डिहाइड उरतं. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवलं, की गुलाबी रंग येतो. तो ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. पण शर्करेसारखे इतर पदार्थही या चाचणीत ढवळाढवळ करतात. लघवीतून डीएनएच्या इजेची खूण तपासता येते, तीही मुख्यतः संशोधनापुरती. 'नॉर्मल' किती, यावर सर्वमान्य आकडा नाही. तेव्हा महागड्या पॅकेजमधल्या अशा अहवालाने घाबरून जाऊ नका.

आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील १९९४ च्या प्रसिद्ध चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. द्राक्षं चवीने खा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.