दुव्यांची पत



शिरूरहून दौंडला जायचे तर सडक धरावी लागते, कारण शिरूरला आगगाडी नाही. दौंडला मात्र ती चहूकडून येते : पुण्याकडून, सोलापुराकडून, मनमाडाकडून आणि बारामतीकडून. दौंडचे महत्त्व कशात, असे कोणी विचारले तर आम्ही तिथली घरे मोजायला बसत नाही. किती रूळ येऊन मिळतात आणि ते कोठून येतात, एवढे पाहतो. आजच्या विषयाची किल्ली त्या जंक्शनातच आहे.

आपण मोबाइलवर 'गूळ' हा शब्द घालतो आणि शोधयंत्र असंख्य पाने समोर मांडते. पहिले कोणते, शेवटचे कोणते, हे ठरते कसे? सुरुवातीच्या यंत्रांचा भर पानावरच्या मजकुरावर असे. शब्द जितक्या वेळा, तितके पान वर. हे कळताच लोकांनी एकच शब्द शंभरदा लिहून ठेवला. आपली स्तुती आपणच करायची मुभा दिली की दुसरे काय होणार?

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक निबंध मांडला. पान स्वतःबद्दल काय म्हणते त्यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात की नाही, हे पाहावे, असा त्यांचा मुद्दा. विचार अगदी नवा नव्हता. शास्त्रीय लेखाचा उल्लेख पुढच्या किती लेखांत येतो याची सूची करावी, असे यूजीन गारफील्ड यांनी १९५५ सालीच सुचवले होते. या दुसऱ्याकडून आपल्याकडे येणाऱ्या वाटेला बॅकलिंक म्हणतात. मराठीत आपण 'दुवा' म्हणतो, आणि गंमत अशी की दुवा म्हणजे जोडणारी कडी आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. दोन्ही अर्थ येथे चालतात.

पण सगळ्यांचा आशीर्वाद सारखा नसतो. समजा, एका पानाची पत बारा आहे आणि त्यावरून तीनच दुवे बाहेर जातात. प्रत्येकाच्या वाट्याला चार येतात. दुसऱ्या पानाचीही पत बाराच, पण त्याने एकशेवीस जणांना दुवे वाटले आहेत. तिथे एकाला मिळतो बाराचा एकशेविसावा हिस्सा, म्हणजे एक दशांश. पहिल्याचा एक दुवा दुसऱ्यासारख्या चाळीस पानांच्या चाळीस दुव्यांइतका झाला. (मूळ हिशेबात थोडी वजावट आहे, ती आपण सोडून देऊ.) गावात सर्वांनाच 'माणूस भला आहे' अशी चिठ्ठी देणाऱ्याच्या चिठ्ठीला जी किंमत, तीच येथे.

मग पहिल्या पानाची पत तरी कोणी ठरवली? त्याच्याकडे आलेल्या दुव्यांनी. आणि त्या दुवे देणाऱ्यांची? हे वर्तुळ आम्हांसही प्रथम फसवे वाटले. तोड सोपी आहे. आरंभी सर्वांना सारखी पत द्यायची, वाटणी करायची, नव्या आकड्यांनी पुन्हा वाटणी करायची. असे फेरे घेत गेले की आकडे हलायचे थांबतात. निबंधात एका भटक्या वाचकाची कल्पना आहे : शंभरात पंच्याऐंशी वेळा तो समोरचा कुठला तरी दुवा धरतो, उरलेल्या वेळी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. तो जिथे वारंवार पोहोचतो, त्या पानाची पत मोठी.

दुव्यावर लिहिलेले शब्दही बोलतात, आणि शिरूरकरांना हे मुद्दाम सांगायला हवे. शिरूर एकटे नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातुरात शिरूर अनंतपाळ. तुमच्या दुकानाच्या पानावर नुसते 'शिरूर' असेल, तर यंत्राने कोणते समजावे? पण दुसऱ्या कोणी दुवा देताना 'घोडनदीचे कापडाचे दुकान' असे लिहिले, तर तुमच्या पानावर नसलेला 'घोडनदी' हा शब्दही तुमच्या नावे जमा होऊ शकतो.

जिथे पत आहे तिथे पतीचा बाजार भरतोच. दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला, आमच्या परिचयाचे एक गुऱ्हाळवाले आहेत. महिन्यात पाचशे दुवे आणून देतो, असे सांगणाऱ्या एकाला त्यांनी हंगामाच्या कमाईतून बरीच रक्कम दिली. दुवे आले. कुठल्या परदेशी जुगाराच्या पानावरून, कुठल्या औषधांच्या यादीतून. गुळाचे पान होते तिथेच राहिले. त्यांच्या घरात त्या पैशावरून झालेले बोलणे आम्ही ऐकले आहे. ते येथे सांगण्याजोगे नाही.

असा व्यवहार मोठ्यांनीही केला आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसमूहासाठी पेरलेले दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले, आणि गूगलने त्याची पाने खाली ढकलली. २०१२ च्या एप्रिलात गूगलने 'पेंग्विन' नावाची छाननी सुरू केली. तिचा रोख अशा बनावट दुव्यांवरच होता. आता असे दुवे बहुधा हिशेबातच धरले जात नाहीत. विकत घेतलेल्या दुव्यावर तशी खूण करावी, असा गूगलचा नियम आहे. पानाच्या पतीचा जो आकडा पूर्वी कोणालाही दिसे, तोही २०१६ पासून दाखवणे बंद झाले आहे. तो आकडा वाढवून देतो म्हणणारा काय विकतो आहे, ते तुम्हीच ओळखा. शिवाय क्रम लावताना दुव्यांखेरीज इतर पुष्कळ गोष्टी आज पाहिल्या जातात.

गुऱ्हाळवाल्यांना आम्ही एवढेच सुचवले की, तुमच्या पानावर 'उत्तम गूळ' याखेरीज काहीच नाही. त्याकडे कोणी कशाला बोट दाखवील? त्यांनी मग मुलीकडून लिहून घेतले : काहिलीत रस कसा तापतो, भेंडीच्या पाण्याने मळी कशी वर येते, ढेप केव्हा पाडायची. चार छायाचित्रे लावली. काही महिन्यांनी पुरणपोळीची कृती लिहिणाऱ्या एका बाईंनी आपल्या पानावरून त्यांना दुवा दिला. त्यावर शब्द होते, 'भेंडीने साफ केलेला केडगावचा गूळ'. बाईंना त्यांनी एक ढेप पाठवू केली, तेव्हा बाईंनी कळवले की ढेप घेईन, पण पैसे देऊन.