डोंगरात नेण्याजोगा ट्रायपॉड
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिलाय. येत्या डिसेंबरात आपल्यापैकी चौदा जण हरिश्चंद्रगडावर जाणार आहेत, आणि आपल्या ग्रुपवर महिनाभर एकच प्रश्न फिरतोय, ट्रायपॉड कुठला घ्यायचा? एकानं तर साडेतीन किलोचा घेऊनसुद्धा टाकलाय. तो समोरच बसलाय, म्हणून नाव घेत नाही.

आधी हे बघू की ट्रायपॉड लागतो कशाला. भर उन्हात शटर १/२५० सेकंदाच्या आसपास असतं, तेव्हा हातात धरून फोटो छान येतो. पण कोकणकड्यावर सूर्य बुडाला की गंमत सुरू होते. खरे रंग बऱ्याचदा सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी येतात, आणि तोवर उजेड इतका उतरलेला असतो की कमी आयएसओवर शटर अर्धा सेकंद, एक सेकंद, मग चार सेकंद असं वाढत जातं. आपल्या वयाच्या हातांनी एक सेकंद स्थिर राहणं सोडूनच द्या. तीच गोष्ट पावसाळी धबधब्याची, ताऱ्यांची, आणि मे अखेरीला पुरुषवाडी-भंडारदरा भागात चमकणाऱ्या काजव्यांची. ही चार कामं तुम्हाला करायचीच नसतील तर ट्रायपॉड घेऊ नका. पैसे वाचतील, गुडघेही वाचतील.

उलटंही सांगून ठेवतो. कड्याखाली धुकं भरलेलं असताना पाठीमागून सकाळचं ऊन आलं, तर त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध आपली सावली दिसते. हेच ते इंद्रवज्र. ते दिसलं तर ट्रायपॉड उघडत बसू नका. धुकं कधी विरेल याचा भरवसा नसतो आणि उजेड भरपूर असतो. हातातच फोटो काढा, आणि दोन मिनिटं नुसतं बघाही.

आता वजन. दुकानात ट्रायपॉड उचलून बघणं आणि पाठीवर घेऊन तीन तास चढणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपण पाचनईवरून जाणार आहोत. गडाची सगळ्यांत सोपी वाट तीच. तरी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, त्यात कॅमेरा, लेन्स, स्वेटर, डबा. पाण्याचं ओझं वाटेत कमी होत जातं, ट्रायपॉडचं होत नाही. माझा हिशेब साधा आहे. हेडसकट दीड किलोच्या आसपास थांबा. एक किलोच्या आतले बरेचसे वाऱ्यात थरथरतात, आणि दोनच्या वरचे तिसऱ्या ट्रेकला गाडीतच राहतात.

कार्बन फायबर की अॅल्युमिनियम, हा पुढचा वाद. कार्बनचा तेवढ्याच उंचीचा ट्रायपॉड पाव ते अर्धा किलो हलका पडतो आणि त्यातली थरथरही लवकर विरते. किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. शिवाय खडकावर जोरात आपटला तर अॅल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला चीर जाऊ शकते. वर्षातून दोन-तीनदा डोंगरात जाणाऱ्यानं चांगला अॅल्युमिनियमचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले बूट घ्यावेत, असं माझं मत आहे.

लांबीकडे कुणी बघत नाही, आणि सह्याद्रीत सगळ्यांत जास्त त्रास तीच देते. मिटलेला ट्रायपॉड सॅकच्या वर डोक्याइतका आला की कारवीत अडकतो. रतनगडाच्या शिडीवर तो वरच्या पायरीला आपटला तर माणूस मागे खेचला जातो. मिटल्यावर साधारण ४५ सेंटीमीटर, सॅकच्या बाजूला, दोन पट्ट्यांनी आवळून बांधलेला, असा असावा. हातात घेऊन तर चढूच नका. चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, यात तडजोड नाही.

पायांचे चार तुकडे असलेला घ्या. पाच असले की मिटल्यावर अजून लहान होतो, पण शेवटचा तुकडा बोटाएवढा बारीक असतो आणि सगळा थरकाप तिथूनच सुरू होतो. उंची डोळ्यापर्यंत हवीच असं नाही, छातीपर्यंत पुरे. मधला दांडा वर करून उंची वाढवली की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखं होतं. वाऱ्यात तो दांडा खालीच ठेवा. लॉक फिरवायचे की खटक्याचे, हा आवडीचा प्रश्न आहे. फिरवायच्या लॉकमध्ये लाल माती गेली की करकरतात, पण उघडून धुता येतात. खटक्याचे लॉक अंधारात, गारठलेल्या बोटांनी पटकन कळतात. आपल्या बेसॉल्टच्या कातळावर रबराचे पाय चांगले बसतात.

खोक्यावर लिहिलेल्या 'दहा किलो पेलतो' या आकड्यावर जाऊ नका. दुकानात ट्रायपॉड पूर्ण उघडा, हेडवर तळवा दाबून थोडा पिळा. पाय पसरतात का, सांधे हलतात का ते बघा. मग स्वतःचा कॅमेरा लावून स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि पायाला टिचकी मारा. चित्र दोन सेकंदांत शांत व्हायला हवं. पाच सेकंद डुलत राहिलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघा.

आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारलं, ती गोष्ट. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून, आत वळलेल्या वाटीसारखा उभा आहे. खालून कोकणातून वारा येतो आणि कड्यावर आपटून सरळ वर उसळतो. शांत वाटत असतानाच एखादा झोत येतो. काही वर्षांपूर्वी आमच्याबरोबर असलेल्या एका गृहस्थांनी कड्यापासून चार-पाच फुटांवर ट्रायपॉड पूर्ण उंच करून लावला होता. झोत आला, ट्रायपॉड कलला, आणि ते गृहस्थ त्याला पकडायला कड्याच्या दिशेनं झेपावले. शेजारच्या गावकरी वाटाड्यानं त्यांच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून ते थांबले. कॅमेरा कड्याच्या अलीकडेच आडवा पडला, लेन्स फुटली. गृहस्थ दहा मिनिटं काही बोलले नाहीत.

वस्तू पडताना दिसली की हात आपोआप पुढे जातो. त्यामुळे 'मी नाही झेपावणार' असं ठरवून उपयोग नाही. ट्रायपॉड कुठे लावायचा ते आधीच ठरवावं लागतं. कड्यापासून निदान दोन माणसांच्या लांबीएवढं मागे, पाय फाकवून बुटका करून, एक पाय कड्याच्या दिशेला. पुढचा दगडधोंडा फोटोत आला तर येऊ द्या, दरीची खोली त्यानंच कळते. मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक टांगायची असेल तर ती जमिनीला टेकलेली ठेवा. लोंबकळती सॅक वाऱ्यात झोके घेते आणि ट्रायपॉडलाच हलवते. वीज चमकत असेल तर कड्यावरून सरळ मागे या, फोटोचा विचारही नको.

रिमोटबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याचं बटण बोटानं दाबलं की धक्का बसतो आणि ट्रायपॉडचा निम्मा फायदा जातो. त्यावरचा फुकट उपाय प्रत्येक कॅमेऱ्यात आहे, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. सूर्यास्तासाठी तो पुरतो. रिमोट खरा लागतो तो दोन वेळा. ३० सेकंदांहून जास्त वेळ शटर उघडं ठेवायचं असेल तर बल्ब मोडमध्ये, आणि नेमका क्षण गाठायचा असेल तर, म्हणजे दगडावर लाट फुटताना वगैरे. तारांच्या रेघा काढायच्या असतील तर ठरावीक अंतरानं आपोआप फोटो घेणारा इंटरव्हॅलोमीटर बघा. काही कॅमेऱ्यांत तो आतच असतो, आधी मेनू उघडून पाहा.

मी वायरचा रिमोट वापरतो. काही शेकड्यांत मिळतो, साध्या प्रकाराला बॅटरी लागत नाही. इन्फ्रारेडचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरावा लागतो आणि आपण उभे असतो मागे. रेडिओचा चांगला, पण त्याचा सेल गडावर संपला तर पाचनईत मिळेल या भरवशावर राहू नका. मोबाइल अॅपनं काम होतं, पण फोन आणि कॅमेरा दोघांच्या बॅटऱ्या खातं. घेताना आपल्या कॅमेऱ्याचं मॉडेल सांगूनच घ्या, कारण रिमोटची पिन प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करायचं की नाही, तेही पुस्तिकेत बघून ठेवा.

फोनवरच फोटो काढणाऱ्यांनी मन लहान करू नये. एक क्लॅम्प घ्या. वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण बऱ्याच फोनमध्ये शटरचं काम करतं. फोन अगदी स्थिर असला की काही फोन नाइट मोडमध्ये आपणहून जास्त वेळ घेतात.

चौदा जणांना चौदा ट्रायपॉड लागत नाहीत. तीन पुरेत. आळीपाळीनं उचलू, आळीपाळीनं वापरू. त्यासाठी एकच करायचं, सगळ्यांनी कॅमेऱ्याखाली आर्का-स्विस पद्धतीची प्लेट लावून आणायची, म्हणजे कुणाचाही कॅमेरा कुठल्याही हेडवर बसेल. रिमोट आणि हेडलॅम्प मात्र ज्याचा त्याचा. सूर्यास्तानंतर कड्यावरून मुक्कामाला अंधारातच यायचंय. माझा एक ट्रायपॉड धरा, आणखी दोन कोण आणतंय ते चहाच्या वेळी मला सांगा. साडेतीन किलोवाल्यानं त्याचा घरी ठेवला तरी चालेल.