नदीचे रांजण आणि आकाशाची चाळण



सहलीला कोठे जाऊन आलात, असे विचारले की आपण पुणेकर महाबळेश्वर सांगतो. फार तर सिंहगड. दोन्ही ठिकाणी पाहण्यापेक्षा खाणेच अधिक होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आज आपणांस न्यावयाचे आहे ते निघोजला आणि खोडदला.

निघोजपाशी कुकडीच्या एका तीरावर आपला शिरूर तालुका, पलीकडे पारनेर. पात्रातील काळ्या कातळात मोठमोठे रांजण कोरलेले दिसतात. आमच्याबरोबरच्या एका मुलाने विचारले, "हे कोणत्या राजाने खोदले?" वेरूळ पाहून आलेल्या पोराने दुसरे काय विचारावे? पण येथला कारागीर पाणी आणि हत्यार गोटा. कातळाच्या खोलगटीत गोटा अडकतो, भोवरा त्याला गरगरा फिरवतो. तो झिजला की दुसरा येतो, आणि खळगा खोल होत जातो. काम हजारो वर्षांचे. काठ मात्र निसरडे. त्या काठावर पाण्याकडे पाठ करून स्वतःचीच छायाचित्रे काढणारी मंडळी पाहून आमचे अर्धे लक्ष रांजणांवरून उडाले.

खोडद जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर दूरदूर. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. तबकडी पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची! एवढी चाळण आकाशातले काय धरणार, असे वाटते. पण हायड्रोजनच्या लहरीची लांबी मुळातच 21 सेंटिमीटर. दूरच्या दीर्घिकांकडून येताना ती आणखी ताणली जाते. एक-दोन सेंटिमीटरच्या भोकातून ती निसटत नाही, परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही वाचला.

तेथे खिशातला फोन बंद करावयास सांगतात, तेव्हा कित्येकांच्या कपाळावर आठ्या पडतात. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की तिच्यापुढे आपला फोन म्हणजे ढोलताशाच. शहरांच्या गलबल्यापासून दूर म्हणून तर ही जागा निवडली. आणि ती पाहावयास आपण गलबला घेऊनच निघतो! मग जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. ज्यांच्या पैशाने दुर्बीण उभी राहिली त्यांना ती पाहण्याचा हक्क आहे. पण संस्थेने ठरविलेल्या वेळीच जावे. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी तेथे प्रदर्शन भरते, शाळांतील मुले आपले प्रयोग मांडतात. तो दिवस उत्तम.

आमच्या त्या मुलाने तेथेही विचारले, "आत्ता काय ऐकू येतंय?" कानाला काहीच नाही, नुसते आकडे येतात, असे उत्तर मिळाले. पोरगे हिरमुसले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पण आमचा फोन तिला ऐकू आला असता ना?"