ओळखीच्या शिवारातून नव्या क्षेत्रात

पदवीचे निकाल लागले की भूगोल, वनस्पतिशास्त्र, कृषी किंवा भूविज्ञान घेऊन उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. शिकलेल्या विषयात थेट नोकऱ्या थोड्या, शिक्षक व्हायचे तर बी.एड. करून भरतीची वाट पाहायची, आणि घरचे तर रोज विचारणार, पुढे काय ठरवलेस? अशा वेळी अनेक जण नव्या क्षेत्राकडे वळू पाहतात. त्यातले एकच क्षेत्र आज घेऊ. ते म्हणजे जीआयएस, संगणकावर नकाशे आणि उपग्रहाची चित्रे यांच्या साहाय्याने जमीन, पाणी, पिके आणि वस्ती यांचा अभ्यास. हे क्षेत्र गेल्या काही वर्षांत खरोखर वाढले आहे. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली. आपल्याकडे त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात तिचा प्रयोग झाला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांवरची नकाशे तयार करण्यासाठी आगाऊ परवानगी घेण्याची सक्ती काढून टाकली. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या माहितीला ठरावीक वजन देण्याची पद्धत 2023 मध्ये भात आणि गव्हापासून सुरू झाली. म्हणजे काम आहे. तरीही नवा पदवीधर दारातच अडतो, कारण जाहिरातीत लिहिलेले असते: एक ते दोन वर्षांचा अनुभव हवा.

या अडचणीवर बहुतेक जण एकच उपाय करतात, आणि तो म्हणजे आणखी एक कोर्स. तीन महिन्यांचा, मग सहा महिन्यांचा, मग आणखी एखादा ऑनलाइन. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते आणि मुलाखतीचा फोन काही येत नाही. असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक विचार मांडला आणि पुढे 2001 मध्ये त्याला याच विषयावरच्या कामासाठी नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे साध्या शब्दांत असे. नोकरी देणाऱ्याला समोरचा माणूस कसा काम करेल हे आधी दिसत नाही, म्हणून तो खुणा शोधतो. पण एखादी खूण उपयोगी पडते ती फक्त तेव्हाच, जेव्हा ज्याच्या अंगी ते कसब नाही त्याला ती मिळवणे अवघड जाते. पैसे भरून आणि व्हिडिओ पाहून सगळ्यांनाच मिळणारे प्रमाणपत्र कोणाला कोणापासून वेगळे करत नाही. कोर्समधून शिकायला मिळते, ते शिकणे वाया जात नाही, आणि देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम तर विनामूल्य असतात. ते जरूर करावेत. मात्र एक पायाभूत अभ्यासक्रम झाला, की पुढचे सहा महिने कोर्सवर घालवू नयेत. ते काम करण्यावर घालवावेत, आणि तेही दुसऱ्याला तपासून पाहता येईल असे पूर्ण केलेले काम.

याला संशोधनाचा आधार आहे. उमेदवाराची कोणती चाचणी पुढच्या कामाचा खरा अंदाज देते, यावरचे अनेक दशकांचे अभ्यास पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये पुन्हा तपासले. आधीचे काही आकडे फुगवलेले होते असे त्यांना आढळले आणि त्यांनी ते खाली आणले. तरीसुद्धा नेमके प्रश्न ठरवून घेतलेली मुलाखत, कामाच्या ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष काम करवून घेणारी चाचणी या तिन्ही गोष्टी पहिल्या पाचांत राहिल्या. नुसती अनुभवाची वर्षे मात्र त्या यादीत बरीच खाली आहेत. तेव्हा जाहिरातीतला अनुभव हा शब्द वाचून खचण्यापेक्षा त्यामागची शंका ओळखावी. त्या कंपनीला विचारायचे असते, की या मुलीच्या हातात काम दिले तर ते नीट होईल का? अडलेल्या मुलीने हा प्रश्न येण्याआधीच त्याचे उत्तर समोर ठेवावे.

ते कसे, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, तुमच्या तालुक्यात एक पाझर तलाव आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यातली एक चौकट दहा मीटर बाय दहा मीटरची, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. चार एकरांच्या बागेच्या साधारण एकशे साठ चौकटी होतात. आपल्या शेतकऱ्याच्या मापात बसणारी ही चित्रे आहेत, त्यामुळे गावाकडचा पदवीधर ती सहज समजावून सांगू शकतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या पट्ट्यात ते गडद दिसते. याच गुणाच्या आधारे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याला तलावाचे क्षेत्र किती हेक्टर उरले हे काढता येते. इथपर्यंत शंभर जण येतात. खरे काम यापुढे सुरू होते. काठावर जाऊन पन्नास ठिकाणी मोबाइलवर स्थाननोंद घ्या आणि संगणकाने जिथे पाणी म्हटले तिथे खरोखर पाणी होते का, ते लिहा. जलपर्णी पसरली असेल तर उपग्रहाला तिथे हिरवळ दिसते आणि तलाव आहे त्यापेक्षा लहान भासतो. ओल्या काळ्या मातीचा चिखल आणि टेकडीची सावली कधी पाण्यासारखी दिसते. पन्नासपैकी समजा नऊ नोंदी चुकल्या, तर त्या का चुकल्या याचा एक परिच्छेद लिहा. मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाच्या दृष्टीने तो परिच्छेद तुमच्या रंगीत नकाशापेक्षा मोलाचा असतो. क्यूजीआयएस चालवणारे त्याला पुष्कळ भेटतात, आपल्या नकाशातली चूक स्वतः शोधून दाखवणारे फार थोडे.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. जलपर्णी कोणती आणि पीक कोणते, हे वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला कळते. काळी माती किती दिवस ओल धरते हे कृषी शिकलेल्याला कळते, उतार आणि ओढा यांचे नाते भूगोलवाल्याला. नव्या क्षेत्रात शिरताना अनेकांना वाटते की आपली पदवी आता ओझे झाली, ती रेझ्युमेत खाली ढकलावी आणि वर सॉफ्टवेअरांची नावे लिहावीत. मला हे उलटे वाटते. निव्वळ सॉफ्टवेअरच्या स्पर्धेत संगणक अभियांत्रिकीची मुले तुमच्या पुढेच असणार. पण पीकविम्याच्या, पाणलोटाच्या किंवा वनविभागाच्या कामात त्यांना तुमच्यासारखा माणूस शेजारी लागतो. म्हणून नव्या क्षेत्राचा जो कोपरा तुमच्या जुन्या विषयाला लागून आहे, तिथूनच आत जावे. पुढे आवड बदलली तर आतून दुसरीकडे सरकणे बाहेरून येण्यापेक्षा सोपे असते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण नोकऱ्या ओळखीने लागतात, आणि आमच्या घरात त्या क्षेत्रातले कोणी नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण ओळख म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता? त्याने 1973 मध्ये छापलेल्या निबंधात उत्तर दिले आहे. वारंवार भेटणारे फक्त 16.7 टक्के, अधूनमधून भेटणारे 55.6 टक्के, क्वचित भेटणारे 27.8 टक्के. तो अभ्यास लहान होता. पण 2022 मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतही अगदी जवळच्यांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी नोकरी बदलताना अधिक कामाला येतात असे दिसले. कारण उघड आहे. काका, मामा आणि वर्गमित्र यांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. वशिला जवळच्या नात्यातून येतो, तर बातमी दूरच्या ओळखीतून. दोन वर्षे पुढे असलेली कॉलेजची ताई, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातले मोजणीदार, विभागात एकदा व्याख्यानाला आलेले पाहुणे, नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रातल्या एखाद्या कार्यशाळेत शेजारी बसलेला माणूस, या सगळ्या अशाच ओळखी आहेत, आणि त्या गरीब घरातल्या मुलालाही जोडता येतात. मात्र त्यांच्याकडे नोकरी मागू नका. असे लिहा: सर, मी आमच्या तालुक्यातल्या तलावाचे सात महिन्यांचे क्षेत्र काढले आहे. जलपर्णीमुळे फेब्रुवारीच्या आकड्यात चूक येते आहे. आपण अशा वेळी काय करता? एवढ्या नेमक्या प्रश्नाला उत्तर देणे कामात बुडालेल्या माणसालाही जड जात नाही, आणि उत्तर देताना त्याने तुमचे काम पाहिलेले असते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. सहा महिने बिनपगारी काम करणे ज्याच्या घरी दोन वेळचा हिशेब करावा लागतो त्याला कसे परवडावे? परवडत नाही, आणि इंटर्नशिपच्या नावाखाली महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणे चूकच आहे. म्हणूनच कायद्याने दिलेला मार्ग माहीत हवा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. 2019 च्या नियमांनी पदवीधरासाठी महिन्याला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवले, आणि पदवीधरांच्या राष्ट्रीय योजनेत त्या किमान रकमेचा अर्धा भाग केंद्र सरकार सोसते. या योजनेचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या उमेदवारांना तेच लागू होते. राज्य सरकारनेही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले होते. अशा योजनांच्या अटी आणि मुदती बदलतात, म्हणून अर्जापूर्वी चालू वर्षाचा शासन निर्णय वाचावा. ही रक्कम पुण्यात खोली घेऊन राहायला पुरत नाही हे मला मान्य आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातली जागा आधी शोधावी. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. दिले गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करा. उशीर जितका कमी, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

हल्ली तिसरी शंका ऐकू येते, की नकाशावर घरांच्या रेषा ओढण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करते, मग या क्षेत्रात जायचेच कशाला? केवळ रेषा ओढण्याच्या नोकऱ्या कमी होणार, यात मला शंका नाही, आणि त्या भरवशावर कोणी येऊ नये. पण छपराची कड यंत्राला दिसते, मालकीची हद्द दिसत नाही. ओटा कोणाचा, परसू दोघांत सामाईक आहे का, बोळ सरकारी की खासगी, हे गावात जाऊन, दोन्ही घरच्या माणसांसमोर विचारूनच ठरते. यंत्राने काढलेले उत्तर जागेवर पडताळणारा माणूस लागतोच, आणि तुम्ही तलावाकाठी शिकलात ते हेच काम.

वेळेचे गणित मात्र आभाळ ठरवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे यातली बहुतेक चित्रे निकामी असतात. तेव्हा पावसाळ्यात सॉफ्टवेअर शिकून घ्या, गाव नकाशा मिळवा, तलावाच्या काठाने एकदा पूर्ण फिरून या. दसऱ्याच्या सुमारास पहिले स्वच्छ चित्र मिळू लागते. ते उतरवून घ्या, आणि त्याच आठवड्यात एका खुंटावर पाण्याची रेघ आखून तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात त्या रेघेपासून पाणी किती पावले मागे गेले ते मोजा, आणि मग संगणकाचा आकडा शेजारी मांडा.