मातीतून निघालेला कोरीव दगड

नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिला असेल. भोवती पाण्याचा खंदक, आत पडके महाल. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात, हजार वर्षांपूर्वी, कंधार भरभराटीला आलं. पुढं बहामनी, निजामशाही, मोगल असे धनी बदलले. आज तिथं फौज नाही. लढाईसाठी बांधलेल्या या किल्ल्यात परिसरात मिळालेल्या जुन्या मूर्ती आणि कोरीव दगड ठेवले आहेत.

कंधारजवळच्या मानसपुरीत क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडले. ते कुठं मिळाले हे ठाऊक होतं, म्हणूनच ते एका मूर्तीचे आहेत हे कळलं. एखादा तुकडा कुणी धुण्याचा दगड म्हणून नेला असता तर?

धाराशिव जिल्ह्यात, तेर गावात, रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जमवल्या. त्यातूनच आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तिथं हस्तिदंताची बाईची छोटी मूर्ती आहे. तिच्यासारखीच एक इटलीतल्या पाँपेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. आपल्या मातीचं नातं रोमपर्यंत पोचलं होतं, ते असं उमगलं.

बायांनो, विहिरीचं काम असो की रोजगार हमीचं, माती उचलणारे हात आपलेच असतात. म्हणून हे आपल्याला माहीत हवं. कोरीव दगड, नाणी, मडकं निघालं तर काम थांबवा. घासू नका, शेंदूर लावू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा, तलाठ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

‘कळवलं तर आपल्या अंगाशी येईल,’ असं पुष्कळ जणी म्हणतात. खरं तर उलट आहे. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. लपवला तर शिक्षा आहे. कळवला तर सापडणाऱ्याचा हक्क कायद्यानं धरला आहे. गुपचूप विकत मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

येत्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय घ्या. गावात असा दगड कुठं पडलाय, ते म्हाताऱ्या बायांना विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. आम्हीही आमच्या गटांत हेच करणार आहोत.