केसांची जात आणि केसांची निगा
(पाटस येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने संत सेना महाराजांना वंदन करावे, प्रतापगडावरील जिवा महालेच्या पराक्रमाचे स्मरण द्यावे, समाजाच्या ऐक्याची हाक घालावी आणि खाली बसावे, अशी आपली रीत आहे. ती दोन्ही नावे आम्हांसही वंद्य आहेत. परंतु कार्यकारी मंडळाने आज धंद्याविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे, म्हणून आम्ही एका साध्या प्रश्नावर बोलणार आहोत. केस कापून झाले, मानेवरचे फडके झटकले, की गिऱ्हाईक आरशात पाहून विचारते, ‘केस फार गळतात हो, काय लावू?’ या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो?

पुष्कळ ठिकाणी उत्तर म्हणून फळीवरची बाटली पुढे केली जाते. बाटली खपते, पण विश्वास खपतो कमी. शिवाय आता गिऱ्हाइकाच्या खिशातील दूरध्वनी त्याला रोज नवी दहा द्रव्ये सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात दिवसभराची मजुरी त्या बाटल्यांवर घालवणारी तरुण मुले-मुली आपण पाहतो. ज्याचा हात पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोक्यावर फिरला, त्याने अशा वेळी गप्प राहावे, हे आम्हांस बरे वाटत नाही.

प्रथम केस म्हणजे काय, हे थोडक्यात. कातडीवर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे हा शरीराचा नित्यक्रम आहे, तो रोग नव्हे. फणीत दहा केस दिसताच घाबरून आलेल्या गिऱ्हाइकाला एवढे सांगितले, तरी त्याची निम्मी चिंता उतरते. केसाच्या बाहेरच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ते मिटलेले असले की केस चमकतो. उचकटले की तो खरखरीत होतो, गुंततो आणि तुटतो. निगा म्हणून जे काही करावयाचे, ते मुळाशी कातडी स्वच्छ राहावी आणि टोकापर्यंत हे खवले मिटलेले राहावेत, एवढ्यासाठीच.

आता केसांची जात. माणसांच्या जातीपायी आपण पुष्कळ भोगले. केसांची जात मात्र ओळखलीच पाहिजे, कारण तिच्यात उच्चनीच नाही. न्हाल्यानंतर दुसऱ्या दिवशी टाळूवर पातळ कागद दाबून पाहावा. तेलाचा डाग उमटला, तर टाळू तेलकट. काहीच उमटले नाही व कोंड्याची बारीक भुकटी पडली, तर कोरडी. मग एक केस बोटांत धरून पाहावा : जाड की बारीक, सरळ, लाटेदार की कुरळा. कुरळ्या केसांत टाळूचे तेल वळणे ओलांडून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मूळ तेलकट असूनही टोके रुक्ष राहतात. अशा बाईला ‘तुमचे केस वाईट’ असे म्हणणारा कारागीर अडाणी समजावा. केस पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची नवी टूम निघाली आहे. तिला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. बोट अधिक खरे सांगते.

आपल्या भागात मात्र केसांच्या जातीइतकीच पाण्याची जात महत्त्वाची आहे. पाटस, वरवंड, रोटी या पट्ट्यात ज्या घरी विंधनविहिरीचे पाणी येते, तेथील गृहिणीला ठाऊक आहे की डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच चुना साबणाशी मिळून चिकट मळी बनते आणि ती केसांवर बसते. मग केस राठ झाले म्हणून मनुष्य आणखी साबण चोळतो व मळी वाढवतो. जड पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावूच नये. आपल्या आज्यांची शिकेकाई व रिठा या बाबतीत शहाणी होती. त्यांच्या फेसाची चुन्याशी मळी होत नाही. सौम्य शाम्पूही चालतो. न्हाणे झाल्यावर तांब्याभर पाण्यात थोडे लिंबू पिळून ते केसांवरून ओतावे व साध्या पाण्याने डोके धुवावे; खवले मिटतात. कालव्याचे किंवा पावसाचे स्वच्छ पाणी मिळाले, तर शेवटच्या तांब्यासाठी तेच राखून ठेवावे.

तेलाविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो तेल म्हणजे केसांचे अन्न, कोणी म्हणतो ते निव्वळ जुनाट खूळ. दोन्ही अतिरेकी. मुंबईतील आरती रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातील प्रथिनांची जी झीज होते, ती रोखण्यात खोबरेल तेवढे उपयोगी ठरले, कारण ते केसाच्या आत शिरते. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. तथापि प्रयोग उघड आहे आणि आज्यांचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. मात्र तेल न्हाण्याआधी लावावे, तेही केसांच्या लांबीला. ज्याच्या टाळूत तेलकट कोंडा आहे, त्याने रात्रभर डोके तेलात भिजवून ठेवू नये. त्या कोंड्यामागे टाळूवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी असते आणि तेलावरच तिचे पोषण होते. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने केटोकोनाझोल असलेला शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटे थांबावे व मग धुवावे. लावताक्षणी धुतल्याने औषध वाया जाते. ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांची कहाणी हीच असते.

तेव्हा नेम कसा बांधावा? तेलकट, सरळ व बारीक केसांच्या माणसाने एक दिवसाआड डोके धुवावे, तेल जेमतेम लावावे. कोरड्या किंवा कुरळ्या केसांच्या बाईने आठवड्यातून एक-दोनदाच न्हावे, तासभर आधी खोबरेल लावावे, केस ओलसर असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा आणि पंचाने घासण्याऐवजी टिपावे. ज्या भगिनी उसाच्या फडात पाचटाच्या धुळीत राबतात, त्यांनी वेणी घालून वर सुती फडके बांधावे. आठ दिवसांच्या तेलापेक्षा त्या फडक्याचे काम मोठे आहे. घट्ट अंबाडा व ताणून घातलेली वेणी मात्र वर्षानुवर्षे टाळावी, कारण कपाळावरचे केस ओढीनेच जातात. एवढ्यात नेम संपला. यास पैसा फारसा लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

कलपाबाबत एक इशारा. शुद्ध मेंदी केसांना तांबूस रंग देते. काळा रंग देत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून जे विकले जाते, त्यात बहुधा पॅराफेनिलिनडायमाइन नावाचे रसायन असते. काहींना त्याने डोळे मिटतील इतकी सूज येते. कलप लावण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे ठिपका लावून पाहिल्यावाचून नव्या गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावू नये; लग्नाची घाई असली तरी नाही.

आता ज्या गोष्टींसाठी आम्ही मुद्दाम उभे राहिलो, त्यांकडे वळतो. जट. केस विंचरले नाहीत, तेल-धूळ साचली, की ते एकमेकांत अडकून घट्ट होतात; यापलीकडे जटेत काही नाही. परंतु ती देवीची मानून कित्येक स्त्रिया मानदुखी, उवा आणि जखमा वर्षानुवर्षे सोसतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून, अशा स्त्रियांना मोकळे करीत आले आहेत. हे काम मूळचे आपल्या कात्रीचे आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील आपल्या पूर्वजांनी विधवांच्या केशवपनास हात लावणार नाही, असा निर्धार केला होता. त्या वेळी वस्तरा खाली ठेवण्यात धैर्य होते. आज कात्री उचलण्यात आहे. अर्थात बाईची स्वतःची संमती असल्यावाचून एक केसही कापू नये, आणि घरातील सासू-नणंदेस शेजारी बसवूनच काम करावे.

दुसरी गोष्ट शेगाव तालुक्याची. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील त्या तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. विंचूदंशावरील संशोधनाने विख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे गेले. रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार मोठे आढळले आणि रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेले होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. केस बाहेर दिसतो, कारण मात्र कधी ताटात असते. रक्त कमी असलेल्या मुलीचे केस गळतात, बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी गळतात, मोठ्या तापानंतरही गळतात. पैशाएवढे गोल टक्कल म्हणजे चाई. ती संसर्गाने पसरत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर खवलेदार, तुटक्या केसांचा चट्टा दिसला, तर तो नायटा. तेथे फणी-कात्री वेगळी ठेवून मुलाला दवाखान्यात पाठवावे. ही चिन्हे डॉक्टरच्या आधी आपल्या नजरेस पडतात.

आषाढी वारीला तुकोबारायांची पालखी वरवंडहून पाटसला येते आणि रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. त्या दिवशी वाटेवर बसून वारकऱ्यांची दाढी-कटिंग करण्याची सेवा आपले बांधव करतात. यंदा त्या सेवेत आमची सूचना अशी : प्रत्येकास नवे पाते, फण्या व कात्र्या धुऊन बुडवून ठेवण्यास जंतुनाशकाचे भांडे, आणि एका माणसाने केवळ डोकी पाहावयाची. उवा, नायटा, जखम असे काही दिसले, तर वारकऱ्यास पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे घेऊन जावयाचे. पात्यांचा खर्च मंडळाने करावा, असा ठराव आम्ही अध्यक्षांच्या अनुमतीने मांडीत आहोत. अनुमोदन कोण देतो, तेवढे सांगावे.