ऑनलाइन अध्यापनाची पदव्युत्तर विद्या



 या परिषदेच्या अध्यक्षपदाच्या मानाबरोबर जो वेळ मिळाला आहे, तो मी एकाच मागणीसाठी वापरणार आहे. ऑनलाइन अध्यापन हा विषय पदव्युत्तर पातळीवर, सलग दोन वर्षे, मराठीतून शिकता आला पाहिजे. आणि जो तो शिकेल, त्याने तो स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होऊन शिकला पाहिजे.

मार्च 2020 आठवा. शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली आणि ज्यांनी आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर धडा घेतला नव्हता, असे असंख्य शिक्षक पाहता पाहता गुगल मीटवर, झूमवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर शिकवू लागले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू केला. कोणी वहीवर मोबाइल टांगून गणिते सोडवून दाखवली, कोणी रेंज मिळेल त्या माळावर मुलांना अंतर ठेवून बसवले. त्या शिक्षकांच्या कष्टांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. म्हणूनच एक भेद इथे स्वच्छ मांडला पाहिजे. त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या पाच अभ्यासकांनी एक लेख लिहिला. संकटात घाईने उभे केलेले दूरस्थ अध्यापन वेगळे आणि विचारपूर्वक आखलेले ऑनलाइन शिक्षण वेगळे, पहिल्यावरून दुसऱ्याची पारख करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यापीठाचा एखादा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट तयार करायला साधारणपणे सहा ते नऊ महिने लागतात, हेही त्यांनी नोंदवले.

आपण मात्र ती पारख करून मोकळे झालो. साथ ओसरली, वर्ग भरू लागले आणि ‘ऑनलाइन म्हणजे काय ते आम्ही पाहिले आहे’ असा निवाडा शिक्षकांच्या खोल्यांतून ऐकू येऊ लागला. धोरण मात्र आधीपासूनच उलट दिशेने निघाले होते. 2017 च्या जुलैमध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ सुरू झाले. तिथल्या अभ्यासक्रमांतून पदवीचे 20 टक्के श्रेयांक मिळवण्याची मुभा होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. म्हणजे पदवीच्या दर पाच श्रेयांकांतले दोन विद्यार्थी पडद्यावरून मिळवू शकतो. हे दोन श्रेयांक शिकवणारा माणूस कुठे तयार होतो, हा प्रश्न मी या व्यासपीठावरून विचारतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या 24 व्या प्रकरणात ऑनलाइन अध्यापनासाठी शिक्षकांना सखोल प्रशिक्षण हवे असे म्हटले आहे. आपण त्या ‘सखोल’चे काय केले? पाच दिवसांची कार्यशाळा, शेवटी बहुपर्यायी चाचणी आणि ई-मेलने येणारे प्रमाणपत्र. कार्यशाळेत सॉफ्टवेअरची बटणे शिकता येतात. बटणे दोन-तीन वर्षांत बदलतात, मग पुन्हा कार्यशाळा.

बदलत नाही ते ज्ञान वेगळे आहे आणि ते कालपरवाचे नाही. 1 ऑगस्ट 1975 ला भारताने ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू केला. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतल्या 2400 गावांत संच बसवले गेले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा प्रा. यशपाल होते. या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट उपग्रहाची नाही. संच बसवल्यावर तिथे माणसे काय पाहतात, काय समजतात, काय सोडून देतात, हे टिपण्यासाठी मानववंशशास्त्राचे अभ्यासक त्या गावांत जाऊन राहिले. पाठवणाऱ्याच्या टोकाकडून घेणाऱ्याच्या टोकाकडे नजर वळवण्याची ही शिस्त या देशात पन्नास वर्षांपूर्वी होती. आज आपण व्हिडिओ किती तयार झाले ते मोजतो आणि तिथेच थांबतो.

याच ज्ञानातला एक वाद पाहा. 1983 मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी माध्यमांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि कठोर निष्कर्ष काढला: माध्यम स्वतः काही शिकवत नाही. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपले पोषण होत नाही, ते आत आणलेल्या धान्यामुळे होते, अशा अर्थाचा दाखला त्यांनी दिला. रॉबर्ट कोझमा यांनी पुढे त्यांना उत्तर दिले, की काही माध्यमांत काही विचार करणे सोपे होते, तेव्हा माध्यमाला इतके गौण ठरवू नका. हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या कल्पनेतल्या पदव्युत्तर वर्गाचा पहिला महिना या वादातच जावा. टॅब वाटले की शिक्षण सुधारते असे मानणारा अधिकारी आणि पडद्यावर काही शिकवताच येत नाही असे मानणारा प्राध्यापक, दोघांनाही या वादात उत्तर द्यावे लागते.

दुसरे नाव दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचे. दूरशिक्षणातले अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, हे त्यांनी सिद्धान्त म्हणून मांडले. ते अंतर संवाद किती आणि रचना किती ताठर यावर ठरते. शंभर मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी शिक्षकापासून फार दूर असू शकतो. दोनशे किलोमीटरवरच्या विद्यार्थ्याला गृहपाठावर विचारपूर्वक लिहिलेला शेरा मिळाला, तर तो जवळ असतो. मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारा शिक्षक, म्हणून काम केले आहे. रविवारच्या समंत्रणाला एसटीचे वाहक येत, परिचारिका येत, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका येत. त्यांच्या गृहपाठावर नुसता ‘ठीक’ असा शेरा गेला, तर पुढचा गृहपाठ उशिरा येई किंवा येतच नसे. ‘तुमचा दुसरा मुद्दा चांगला आहे, पण त्याला उदाहरण तुमच्याच वॉर्डातले द्या’ असे लिहिले, की पुढच्या रविवारी ती परिचारिका पहिल्या रांगेत बसलेली असे. मूर यांचा सिद्धान्त मी नंतर वाचला. तो वाचल्यावर त्या शेऱ्यांची किंमत मला नेमकी मांडता आली. पदव्युत्तर अभ्यासाचा उपयोग हाच असतो: जे चांगला शिक्षक अंदाजाने करतो, ते का चालते हे त्याला कळते आणि तो ते दुसऱ्याला शिकवू शकतो.

आणि जे अंदाजाने चुकीचे ठरते, तेही कळते. 2014 मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, तो पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. आणि वर्गातल्या व्याख्यानाचे जसेच्या तसे रेकॉर्डिंग, तिथे लावलेला कॅमेरा भारी असला तरी, मुद्दाम बनवलेल्या छोट्या पाठांपेक्षा कमी पाहिले गेले. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे, की चित्र चालू असताना बोलले जाणारे शब्दच पडद्यावर पुन्हा लिहून दाखवले तर समजणे बहुधा कमी होते. आपल्याकडच्या किती ऑनलाइन तासांत पन्नास स्लाइड आणि त्यांचे मोठ्याने वाचन एवढेच चालते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याला हे कोणी शिकवलेच नाही, त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

जगात हा विषय रीतसर शिकवला जातो. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी 1969 मध्ये स्थापन झाली. तिथे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइनच शिकवली गेली. एडिंबरा विद्यापीठात डिजिटल शिक्षणाची पदव्युत्तर पदवी आहे, कॅनडाच्या अथाबास्का विद्यापीठात दूरशिक्षणाची आहे. गिली सॅमन यांनी ऑनलाइन गट हळूहळू कसा बोलता होतो याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या प्रत्यक्ष गटांचे निरीक्षण करून. आधी लोक आत येऊ शकले पाहिजेत, मग एकमेकांना ओळखले पाहिजेत; विषयावरची खरी चर्चा त्यानंतर. आपण पहिल्याच दिवशी ‘कोणाला काही शंका?’ असे विचारतो आणि सगळे म्यूटवर गप्प राहिले, की विद्यार्थ्यांना रस नाही असे समजतो.

भारतातही पाया आहे. इग्नूने दूरशिक्षणातली पदव्युत्तर पदविका आणि एम.ए. पदवी सुरू केली आणि 1993 मध्ये या क्षेत्रातल्या प्रशिक्षण व संशोधनासाठी ‘स्ट्राइड’ ही संस्था उभी केली. पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. तिथल्या अभ्यासकांनी विद्यार्थीकेंद्री ऑनलाइन अभ्यासक्रमाचा जो आराखडा मांडला, त्यात व्हिडिओच्या मध्ये थांबून विद्यार्थ्याने विचार करून काही लिहायचे असते आणि मगच पुढे जायचे असते. साधी वाटणारी ही रचना हजारो विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमांत वापरून तपासली गेली आहे. ती महाराष्ट्राच्या भूमीवर तयार झाली आणि आपल्या एम.एड.च्या किती वर्गांत ती पोहोचली, याचा शोध इथल्या प्रत्येक विभागप्रमुखाने घ्यावा.

आता मराठीचा प्रश्न. 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने मराठीत स्वयं-अध्ययन साहित्य लिहिण्याची एक परंपराच घडवली. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून लिहायचे, घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे द्यायची, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न ठेवायचे, शेवटी उत्तरे. विद्यार्थ्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलायचे. इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी मराठी लेखकांनी हे कौशल्य कमावले होते. ताकवले सर पुढे इग्नूचे कुलगुरू झाले आणि अखेरपर्यंत शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा विचार करत राहिले. 2023 मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीने जमवलेले हे शहाणपण पुस्तिकांमध्ये विखुरले आहे. त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला पाहिजे आणि तो मराठीतच होऊ शकतो.

कारण आपला विद्यार्थी कोण आहे, हे परदेशातल्या संशोधनात सापडणार नाही. घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांच्या खिशात, संध्याकाळी हाती आला की आधी भावाचा नंबर आणि मग बहिणीचा. लॅपटॉपवर बनवलेली आणि सहा इंची पडद्यावर न वाचता येणारी पीडीएफ. दिवसाचा डेटा संपला की अर्धवट थांबलेला व्हिडिओ. अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातले मूल, ज्याच्यासाठी प्रमाण मराठीतला ध्वनी हाही एक टप्पा असतो. ऐकू न येणारा विद्यार्थी, ज्याला मराठी उपशीर्षके क्वचितच मिळतात. या प्रत्येक ओळीत एकेका लघुप्रबंधाचा विषय आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे काम केले आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. पुढचा प्रश्न पदव्युत्तर संशोधकाचा आहे: तो कोड स्कॅन केल्यावर मूल नेमके काय शिकते, कोणते मूल स्कॅन करूच शकत नाही, आणि मग पाठ कसा बदलायचा?

मला जो अभ्यासक्रम हवा आहे, त्यात प्रवेश घेणाऱ्याने पहिले सत्र पूर्ण ऑनलाइन विद्यार्थी म्हणून काढावे, शक्यतो मोबाइलवरच. गटचर्चेत कोणी आपल्या लिहिण्याला उत्तर दिले नाही तर कसे वाटते, रात्री अकराला लिंक उघडली नाही तर काय होते, हे त्याने अनुभवावे आणि त्याची रोजनिशी ठेवावी. नंतरच्या वर्षभरात त्याने एकच घटक घ्यावा, नववीतला किंवा पदवीच्या वर्गातला. तो मराठीत आखावा, खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावा, कोण कुठे अडले ते टिपावे, मोडून पुन्हा बांधावा आणि पुन्हा शिकवावा. चाळीस घटकांचे देखणे आराखडे कागदावर काढण्यापेक्षा हे अवघड आहे. पदवी त्या दुसऱ्या बांधणीवर मिळावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता क्षणात पाठ लिहून देतात. तो पाठ आपल्या विद्यार्थ्याला चालेल की नाही हे ठरवणारा माणूस अशाच अभ्यासातून घडेल.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. मुक्त विद्यापीठ, पारंपरिक विद्यापीठांचे शिक्षणशास्त्र विभाग आणि पवईसारखी संस्था एकत्र आल्या, तर मार्गदर्शक मिळतील. अध्यापकांच्या कार्यभारात ऑनलाइन अभ्यासक्रमाची आखणी हे काम म्हणून मोजले गेले पाहिजे, हे मी इथे उपस्थित असलेल्या कुलगुरूंना आणि प्राचार्यांना आग्रहाने सांगतो. आखणीचे तास हजेरीपटावर आले नाहीत, तर ते काम रात्री उरलेल्या वेळात होत राहील आणि तसेच दिसेल.

मित्रहो, परिषदेच्या समारोपाच्या सत्रात ठराव मांडले जाणार आहेत. मराठी माध्यमातल्या या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा ठराव त्यात असावा आणि त्याचा मसुदा करण्यासाठी एक छोटी समिती आजच नेमली जावी, अशी माझी विनंती आहे. समितीत किमान दोन जण असे घ्या, जे आज ऑनलाइन विद्यार्थी आहेत.